गालावरची उशीची रेघ आता दुपारपर्यंत जात नाही (कुशीवर झोपणं, जागरण आणि सुरकुत्या)

रानजाई | सोमवार, रात्री ११:२०

वय ४६, राहणार पुणे. गेले सहा-सात महिने एक गोष्ट आरशात रोज दिसते आहे, म्हणून विचारते.

लहानपणापासून मी डाव्या कुशीवर झोपते. गाल उशीत पुरता रुतलेला, डावा हात उशीखाली. सकाळी गालावर अभ्र्याच्या शिवणीचा वळ असायचा आणि चहा होईपर्यंत तो गेलेला असायचा. चाळिशीनंतर तो आंघोळीपर्यंत टिकू लागला. आता ऑफिसात जेवणाची सुट्टी होते तरी डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळून गालावर उभी उतरणारी रेघ तशीच असते. उजव्या गालावर ती नाही. हसताना पडणाऱ्या रेघा दोन्हीकडे सारख्या आहेत, त्यांचं मला काही वाटत नाही. ही वेगळी आहे. चेहरा शांत असतानाही दिसते. गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले, त्यात मला आधी तीच दिसली.

सोबत दुसरी गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. अलार्म लावून उठते. सलग दोन तास झोप मिळाली तर ती चांगली रात्र. डोळ्यांखाली काळं झालंय, चेहरा ओढलेला दिसतो, भेटेल ती विचारते, "बरं नाही का गं?"

तर कुशीवर झोपून खरंच कायमची सुरकुती पडते का? उताणं झोपायची सवय या वयात लागते का? बहीण म्हणते रेशमी अभ्रा घे. मैत्रीण म्हणते सगळं जागरणाचं आहे, झोप झाली की चेहरा आपोआप भरेल. कुणाचं किती खरं धरू? ज्यांनी यावर काही करून पाहिलं आहे त्यांनी सविस्तर लिहा.

मोरपंखी | सोमवार, रात्री ११:५२

माझंच वर्णन वाचतेय असं वाटलं, फक्त माझी बाजू उजवी. वय ५१. आमची आई कोल्हापूरच्या जुन्या घरात कायम भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर झोपायची आणि तिच्या उजव्या गालावर अशीच रेघ होती. आम्ही बहिणी समजायचो की ती घराण्यातलीच आहे, आपल्यालाही येणार. आता तुझं वाचून वाटतं की आईकडून रेघ आली की झोपायची पद्धत आली? जाणकारांची वाट बघते.

त्वचेचं_पान | मंगळवार, सकाळी ७:०५

नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ताई, उजवा-डावा फरक, चेहरा शांत असतानाही दिसणं आणि सकाळी जास्त असणं, या तीनही खुणा तुम्ही स्वतःच टिपल्या आहेत. न बघता निदान करणं बरोबर नाही, पण ही झोपेची रेघ असण्याची शक्यता बरीच आहे.

चेहऱ्यावरच्या रेघा ढोबळमानाने दोन जातींच्या. एक हावभावाच्या. स्नायू आखडतो आणि त्याच्या ओढीला काटकोनात कातडी दुमडते. कपाळाचा स्नायू वर-खाली ओढतो म्हणून तिथल्या आठ्या आडव्या. दुसऱ्या झोपेच्या. त्यात स्नायूंचा संबंध नाही. डोक्याचा भार उशीवर येतो, गालाची कातडी दाबली जाते, थोडी ताणली जाते, थोडी घसरते, आणि जिथे वाव मिळेल तिथे मुडपते. म्हणून या रेघा कपाळाच्या कडेला उभ्या-तिरक्या, डोळ्याच्या बाहेरून गालावर, ओठांच्या कोपऱ्याशेजारी अशा पडतात आणि हावभावाच्या रेघांना छेदून जातात. २०१६ मध्ये ॲन्सन, केन आणि लॅम्ब्रोस या अमेरिकी प्लास्टिक सर्जननी यावर सविस्तर लेख लिहिला. दाब, ताण आणि घसरण या तीन गोष्टींनी चेहरा रात्रभर कसा वेडावाकडा होतो ते त्यात नीट मांडलं आहे. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. बोटॉक्स स्नायू सैल करतं, आणि या रेघेमागे स्नायूच नसल्यामुळे तिच्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. कुणी या रेघेसाठी ते सुचवलं तर पैसे देण्याआधी हा प्रश्न जरूर विचारा.

वळ टिकायला का लागला? नव्या गादीवरचा हात उचलला की ती लगेच वर येते, जुनी कापसाची गादी खड्डा धरून ठेवते. कातडीला ताठपणा देणारं कोलॅजन आणि परत जागेवर आणणारं इलॅस्टिन वयानुसार कमी होत जातं. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास ही घसरण जोरात होते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं असं मानलं जातं. तुम्ही ४६ च्या आहात, म्हणजे त्या उंबरठ्यावर आहात.

पण म्हणून सगळा दोष कुशीला देऊ नका. १०० बायकांच्या चेहऱ्यांची तपासणी करून २०१३ मध्ये एक अभ्यास छापला गेला. ज्या बाजूवर त्या झोपत त्या बाजूचा चेहरा जास्त म्हाताराच दिसतो असं काही त्यात सापडलं नाही. माझ्या दवाखान्यातला अनुभवही असाच. काही जणींत रेघ ठळक असते, काही जणींत तीस वर्षं एकाच कुशीवर झोपूनही काही नसतं. मोरपंखी, तुमच्या आईकडून कातडीचा पोत आला असेल आणि सवयही आली असेल, दोन्ही शक्य आहे. आणि उन्हाचा वाटा या सगळ्याहून मोठा आहे. त्याबद्दल नंतर लिहिते, ओपीडी आहे.

हिंजवडी_३१ | मंगळवार, सकाळी ९:४०

अमेरिकेच्या वेळेनुसार काम, पाच वर्षं. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. वय ३१, पण लग्नाच्या स्थळांना पाठवायला काढलेल्या फोटोत आईला मी चाळिशीचा वाटलो आणि तिला रडू आलं. डॉक्टर, झोप नसल्यामुळे चेहरा खरंच बदलतो की तेवढा थकवाच दिसतो? आणि शनिवार-रविवारी दहा-दहा तास झोपलो तर भरून निघतं का?

सातासमुद्र | मंगळवार, सकाळी १०:१५

न्यू जर्सीहून. रानजाई, रेशमी अभ्र्याबद्दल माझा अनुभव. दोन वर्षं वापरते आहे. केस कमी गुंततात, सकाळी गालावर कापडाच्या विणीची नक्षी उमटत नाही, हे नक्की. पण उभी रेघ होती तिथेच आहे. मग इथे मिळते तशी गालाच्या जागी खोबण असलेली खास उशी आणली. चांगली महाग होती. तिसऱ्या दिवशी मान धरली, आठवड्याभरात ती कपाटात गेली. माझी मान लहान आहे, उशी उंच होती, इतरांना जमलीही असेल.

इथला थंडीतला त्रास वेगळाच. घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेने हवा इतकी कोरडी होते की डिसेंबरात सगळ्या रेघा दुप्पट दिसतात. रात्री खोलीत हवा दमट ठेवणारं यंत्र आणि झोपण्याआधी ओलसर चेहऱ्यावर जाडसर क्रीम, एवढ्यावर माझा सर्वात जास्त फरक पडला. पुण्यात जे एसी लावून झोपतात त्यांनी करून बघावं.

एसटी_सत्तावीस_वर्षं | मंगळवार, दुपारी २:३०

नमस्कार ताई. मी निवृत्त चालक, सोलापूर बाजूचा. मुलीने हा धागा वाचायला दिला. मी आयुष्यभर डाव्या कुशीवर झोपलो आणि सुरकुत्या सगळ्या उजव्या गालावर. उजवा गाल, उजवा कान, उजवा कोपर काळे आणि खरखरीत. डावी बाजू बघितली तर दहा वर्षांनी लहान वाटतो. सत्तावीस वर्षं उजव्या खिडकीचं ऊन खाल्लं, त्याचं आहे हे. आमच्या डेपोतले जुने सगळे चालक असेच दिसतात. तुम्ही ऑफिसला कशा जाता, खिडकी कुठल्या बाजूला येते, हेसुद्धा बघा.

त्वचेचं_पान | मंगळवार, रात्री ९:१०

काका, तुम्ही लिहिलंत ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखं आहे. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता, २८ वर्षं मालाची गाडी चालवलेला माणूस. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला आणि उजवा बराच नितळ. काच बंद असली तरी सूर्याचे ‘अ’ प्रकारचे अतिनील किरण साध्या काचेतून आत येतात आणि कातडीत खोलवर जाऊन कोलॅजन तोडतात. एसटीत तर खिडकी उघडीच. रानजाई, काकांचा प्रश्न मीही विचारते. तुम्ही जाताना कुठे बसता?

हिंजवडी, तुमच्यासाठी. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २०१० मध्ये एक साधा प्रयोग झाला. १८ ते ३१ वयाच्या २३ जणांचे दोन-दोन फोटो काढले. एक रात्रीच्या ८ तासांच्या झोपेनंतर. दुसरा तोकड्या झोपेच्या रात्रीनंतर सलग ३१ तास जागं ठेवून. काहीही न सांगता ते ६५ लोकांना दाखवले. जागरणाचे चेहरे त्यांना कमी निरोगी, जास्त दमलेले आणि कमी आकर्षक वाटले. पुढे २०१३ मध्ये त्याच मंडळींनी नेमकं काय बदलतं ते पाहिलं. पापण्या जड, डोळे लाल आणि सुजलेले, खाली काळी वर्तुळं, कातडी फिकट, बारीक रेघा जास्त, ओठांचे कोपरे खाली झुकलेले. यातलं जवळजवळ सगळं झोप झाली की उतरतं. तुमच्या आईंनी जे पाहिलं त्यातला बराच भाग असाच उतरणारा आहे, हे त्यांना सांगा.

वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेचं चित्र मात्र वेगळं. २०१५ मध्ये क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी ३० ते ४९ वयाच्या ६० बायका तपासल्या, निम्म्या नीट झोपणाऱ्या, निम्म्या न झोपणाऱ्या. वयाबरोबर आतून येणाऱ्या खुणा न झोपणाऱ्या बायकांत जास्त होत्या. चिकटपट्टीने कातडीचा वरचा थर थोडा काढून बघितला, तर नीट झोपणाऱ्यांची कातडी ३० टक्के जास्त सावरली. हा अभ्यास एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या पैशातून झाला आणि त्यात बायकाही थोड्याच होत्या, तेव्हा तो तेवढ्याच वजनाने घ्या. पण कारणमीमांसा पटते. रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक सर्वात जास्त स्रवतं आणि कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक खाली असतं. डागडुजीचा काळ तो. दर दोन तासांनी अलार्म वाजला तर त्याच गाढ झोपेचे तुकडे होतात.

शनिवार-रविवारच्या झोपेने डोळ्यांची सूज जाईल, थकवा थोडा उतरेल. पाच दिवसांची तूट त्यातून पूर्ण भरते असं मी सांगणार नाही. रोजची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा फार हलवू नका. घरी येताना उजाडत असेल तर गॉगल लावा, खोली गडद करा, फोन बाहेर ठेवा.

कळंगुटची_ताई | बुधवार, सकाळी ६:४५

उताणं झोपायच्या सल्ल्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. माझ्या मिस्टरांना घोरण्याची सवय. मी मात्र कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यांना आणि स्वतःला उताणं झोपायची शिस्त लावत होते, दोन्ही बाजूंना लोड लावून. माझं ठीक चाललं. त्यांचं घोरणं इतकं वाढलं की मध्येच श्वास अडकून ते दचकून उठायचे. शेवटी तपासणी केली तेव्हा स्लीप ॲप्निया निघाला. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळू मागे पडतात आणि घसा आणखी बंद होतो, हे डॉक्टरांनी समजावलं. आता ते नाकावर मास्क लावून आणि कुशीवर झोपतात. ज्यांच्या घरी कुणी घोरतं त्यांनी सुरकुतीपायी उताणं झोपण्याच्या नादी लागू नका.

त्वचेचं_पान | बुधवार, सकाळी ७:२०

कळंगुटच्या ताई, लिहिलंत ते फार बरं झालं. त्यात भर घालते. आम्लपित्त, छातीत जळजळ असणाऱ्यांना डावी कूस मानवते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं झोपू नये, कुशीवरच झोपावं. या सगळ्यांपुढे गालाची रेघ फार लहान गोष्ट आहे.

पालथं झोपणाऱ्यांना मात्र मी सवय बदलायला सांगते. चेहऱ्यावर दाब सर्वात जास्त त्यातच येतो, आणि मानही पिळली जाते.

सुंठ_वेखंड | बुधवार, सकाळी ११:००

आयुर्वेदाचा वैद्य आहे, सांगलीकडचा. जागरणाने कातडी सुकते हे आपल्याकडे फार पूर्वी टिपलेलं आहे. चरकसंहितेत निद्रेच्या प्रकरणात ‘रात्रौ जागरणं रूक्षं’ असं स्पष्ट म्हटलं आहे. रात्रीचं जागणं रूक्षता वाढवतं. तिथेच दिवसाच्या झोपेला स्निग्ध, म्हणजे कफ-तेलकटपणा वाढवणारी, म्हटलं आहे, आणि म्हणून धडधाकट माणसाला ती एरवी वर्ज्य.

पण रानजाईताई, तुमच्यासारख्यांसाठी वाग्भटाने सोय ठेवली आहे. ज्याला नाइलाजाने जागरण घडलं त्याने, जितका वेळ जागला त्याच्या निम्मा वेळ, सकाळी काही न खाता झोपावं, असं त्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथात सांगितलं आहे. म्हणजे रात्री एकूण दोन तास मोडले असतील तर सकाळी चहा-नाश्त्याआधी एक तास. घरच्यांनी हा तास तुम्हाला द्यायला हवा. औषधाइतकाच तो महत्त्वाचा आहे.

रात्री तळपायांना खोबरेल किंवा तूप चोळा, चेहऱ्याला तेल हलक्या हाताने. वरून खाली ओढून चोळू नका. पुरळ उठण्याची प्रकृती असेल तर चेहऱ्याला तेल नकोच.

बोरिवली_फास्ट | बुधवार, दुपारी ३:१०

डोळ्यांखालच्या काळेपणासाठी मला आमच्या पार्लरवाल्या ताईंनी एक ट्यूब सांगितली होती, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा एकदम उजळला, रेघाही गेल्यासारख्या वाटल्या. रानजाई, हवं तर नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. फक्त बंद केली की लाल होतं, म्हणून मी चालूच ठेवली आहे, सात महिने झाले.

त्वचेचं_पान | बुधवार, दुपारी ३:२५

बोरिवली, कृपया नाव कुणालाही पाठवू नका आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला भेटा. तुम्ही सांगता ती लक्षणं स्टिरॉइडच्या क्रीमची आहेत. लावताना उजळ, थांबवलं की लाल, हीच त्याची ओळख. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. डोळ्याजवळ लावलं तर डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो, म्हणून डोळेही तपासून घ्या. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती याच कारणाने. अचानक बंद करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवतील. तुमचं वय कमी आहे, कातडी सावरायला वेळ लागतो पण बरीच सावरते.

सगळ्यांसाठीच सांगते. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात, पण काळेपणा लवकर येतो. डोळ्यांखालचा काळेपणा दर वेळी झोपेचाच असतो असं नाही. घराण्यातून येतो, ॲलर्जीने डोळे चोळल्याने येतो, डोळ्याखालच्या खळगीची नुसती सावलीही असते. सोबत दम लागत असेल, पाळीला अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या.

बोरिवली_फास्ट | बुधवार, दुपारी ३:५०

हात थरथरतायत वाचून. उद्याची वेळ घेतली. धन्यवाद डॉक्टर.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:३०

मी १९ वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हा धागा पहिल्यापासून वाचला आणि रानजाईच्या पहिल्या पोस्टमधल्या दोन परिच्छेदांपाशी अडकले.

रानजाई, तू सासूबाईंची दर दोन तासांनी कूस का बदलतेस? कातडी एकाच जागी दाबली गेली की तिचं रक्त थांबतं, आणि खाली घसरताना वरची कातडी चादरीला चिकटून राहते व आतलं मांस सरकतं. दाब आणि घसरण. डॉक्टरांनी वर तुझ्या गालाबद्दल हेच दोन शब्द वापरले आहेत. तुझ्या गालावर त्याची रेघ होते, लकवा झालेल्या माणसाला स्वतःहून हलता येत नाही म्हणून त्याच्या माकडहाडावर जखम होते. कोविडच्या काळात आम्ही रुग्णांना सोळा-सोळा तास पालथं ठेवायचो, तेव्हा गाल, हनुवटी आणि कपाळावर जखमा झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि चेहरे ओळखू येणार नाहीत इतके सुजायचे. आपण झोपेत स्वतःच कूस बदलतो ही केवढी मोठी देणगी आहे, ते तेव्हा कळलं.

आता कामाचं. सासूबाईंना हवा भरणारी गादी आहे का? आळीपाळीने फुगणारे कप्पे असतात, पंपावर चालते, भाड्यानेही मिळते. ती आल्यावर कूस बदलायची राहतेच, पण त्यांचं वजन, जेवण, कातडी बघून रात्रीचं अंतर वाढवता येतं का हे डॉक्टरांना किंवा घरी येणाऱ्या सिस्टरला विचार. दोनाचे तीन किंवा चार तास झाले तर तुझी एक सलग झोप होईल. वळवताना ओढू नकोस. कमरेखाली आडवी दुहेरी चादर ठेव, दोघांनी दोन्हीकडून उचलून वळवा. आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेव, तिथली जखम लोक विसरतात.

हे सगळं तू एकटी करतेस का? घरात अजून कोण आहे?

रानजाई | गुरुवार, रात्री १२:०५

एवढं सगळं वाचून काय लिहावं कळत नाही. रात्रपाळी, तुमचा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. नवरा आहे, मुलगा बारावीत आहे, नणंद कोथरूडला असते. कुणी नाही म्हटलं नाही कधी. मीच सुरुवातीला म्हटलं की मला जाग येतेच, तुम्ही झोपा, आणि दीड वर्ष ते तसंच राहिलं. आईंचा हात धरून रात्री बसले की त्या डोळ्यांनी बोलतात माझ्याशी, ते मला सोडायचं नाही. पण रोज चार वेळा उठणं एकटीने नको, हे आता कबूल करते.

काका, मी बसने जाते आणि सकाळी डावीकडची खिडकी धरते, ऊन त्याच बाजूने येतं. हे मला कधी सुचलंच नव्हतं. सनस्क्रीन लग्नसमारंभापुरतं लावत होते.

त्वचेचं_पान | गुरुवार, सकाळी ७:१५

मग ताई, तुमच्या रेघेत खिडकीचाही वाटा आहे. रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. ढग असले तरी. बसमध्ये उजवीकडे बसा किंवा ओढणी घ्या.

रात्रीसाठी रेटिनॉइड हे सुरकुत्यांवर खरोखर सिद्ध झालेलं औषध आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीने, मुगाएवढं, आठवड्यातून दोन रात्री अशी सुरुवात करून. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदर असताना ते लावायचं नाही.

झोपण्याची बाजू पूर्ण बदलायचा अट्टाहास नको. छातीशी एक मोठी उशी किंवा गोधडीची वळकटी धरा आणि वरचा हात-पाय तिच्यावर टाका, म्हणजे शरीराचा भार पुढे चेहऱ्यावर येत नाही. डोक्याखालची उशी मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराइतकी जाड हवी. पातळ असली की गाल जास्त रुततो. गाल उशीच्या कडेबाहेर राहील आणि भार कानामागच्या हाडावर येईल असं पाहा. अभ्रा जुन्या मऊ सुती साडीचा असला तरी चालतो, सातासमुद्रांनी लिहिलंय तेवढाच रेशमाचा फायदा. घासणं कमी होतं, मुडपणं होत नाही. आणि हे सगळं करताना झोप मोडत असेल तर सोडून द्या, तुम्हाला आत्ता झोपेची गरज जास्त आहे.

मोरपंखी | गुरुवार, सकाळी ८:००

रानजाई, कोथरूडला फोन कर. आजच.

रानजाई | साडेतीन महिन्यांनंतर, रविवार, सकाळी १०:४०

धागा वर काढते आहे, कारण इथे मला ज्यांनी सांगितलं त्यांना कळवायला हवं.

हवेची गादी भाड्याने आणली. डॉक्टरांनी आईंची पाठ बघून रात्री तीन तासांचं अंतर चालेल म्हटलं. साडेदहाला मी वळवते, दीडला नवरा, साडेचारला मी. शुक्रवार-शनिवार नणंद येते आणि ती दोन रात्री मी वरच्या खोलीत दार लावून झोपते. पहिल्या शुक्रवारी मला झोप आली नाही, सगळं लक्ष खाली. दुसऱ्या शुक्रवारी आठ तास झोपले. उठले तेव्हा क्षणभर कुठे आहे ते कळेना. सुंठ-वेखंड यांचा सकाळचा तास रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा मिळतो. त्या वेळात मुलगा आईंना चहा भरवतो, त्याला आता ते छान जमतं.

डोळ्यांखालची सूज महिन्याभरात गेली. काळेपणा थोडा आहे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ निघालं, गोळ्या चालू आहेत. सनस्क्रीन रोज, बसमध्ये उजवीकडे. रेटिनॉइडला दहा आठवडे झाले, सुरुवातीला सोललं म्हणून मध्ये पंधरा दिवस थांबवलं होतं. रेघ आहे. सकाळी दिसते आणि साडेनऊ-दहापर्यंत पुसट होते, जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यातलं किती उशीचं, किती औषधाचं, किती झोपेचं हे मला सांगता येणार नाही, सगळं एकदमच केलं.

आईंच्या माकडहाडाजवळची लाली पूर्ण गेली. सिस्टर म्हणाल्या, इतकी चांगली पाठ घरी ठेवलेल्या रुग्णाची त्यांनी क्वचित पाहिली आहे. माझ्या गालापेक्षा याचा आनंद मला जास्त झाला.

एकच अडचण. पंपाचा आवाज आईंना रात्री त्रास देतो, त्या कपाळाला आठ्या घालतात. काही उपाय आहे का?

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११:१५

वाचून डोळे भरून आले गं. पंप पलंगाला टांगला असेल तर काढ, त्याची थरथर लाकडातून थेट त्यांच्या कानापर्यंत जाते. खाली सतरंजीची जाड घडी करून तिच्यावर ठेव, पायाच्या बाजूला. हवा जायला जागा मोकळी राहू दे, वरून कापड टाकू नकोस. तरीही खरखर येत असेल तर नळी कुठे मुडपली आहे का बघ आणि ज्यांच्याकडून आणलात त्यांच्याकडून पंप बदलून घे.